मेश्रामजींची टाकी आणि माझा ठप्पा

घरच्या गॅरेजसाठी हवेचा कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, या विषयावर हल्ली तीन प्रकारची माणसे अधिकारवाणीने बोलतात: दुकानदार, जाहिरातदार आणि जावई. तिघांच्याही म्हणण्याला माझा आक्षेप आहे. जावयांविषयीचा आक्षेप मी लेखी नोंदवलेला नाही, कारण घरात शांतता राहावी असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. उरलेल्या दोघांना मात्र मी वेळोवेळी पत्रे पाठवली आहेत, पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तर एकाचेही आले नाही. त्यामुळे संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा निदान इथे तरी माझे म्हणणे छापून येईल या हिशेबाने मी होकार दिला.

मी आयुष्यभर टाक्या तपासल्या. पाण्याच्या नव्हेत, दाबाखालच्या हवेच्या. कारखान्यात रंग फवारायचा, नट आवळायचे, यंत्रे हलवायची, तर दाबलेली हवा लागते. कॉम्प्रेसर ती हवा दाबून एका पोलादी टाकीत कोंबतो. ही टाकी म्हणजे आवळून ठेवलेली स्प्रिंग असते. शाबूत आहे तोवर गाईसारखी गरीब. फाटली तर भिंत घेऊन जाते. म्हणून कायद्याने तिची ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची केली आहे, आणि ती तपासणी करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला होतो. हातात छोटी हातोडी घेऊन आमच्या शहराच्या औद्योगिक भागातल्या, सांवेर रोडवरच्या कारखान्यांतून मी टाक्या ठोकत हिंडत असे. निरोगी पत्रा घंटेसारखा वाजतो. आतून गंजून पातळ झालेला पत्रा सर्दी झालेल्या माणसासारखा बोलतो. पुढे जाडी मोजण्याची विजेवर चालणारी उपकरणे आली. ती मी वापरली, पण आधी हातोडी. कामगार मला 'टंकीवाले साहब' म्हणत. आमचे पणजोबा संस्थानच्या दरबारात कारभारी होते. त्यांच्या पणतूला मिळालेला हा किताब घरी फारसा कोणाला सांगितला जात नसे. मला मात्र तो आवडे.

टाकी चाचणीत उतरली की तिच्या अंगावर पोलादी ठशाने माझी आद्याक्षरे आणि महिना-साल ठोकायचे, ही माझी पद्धत. कागद हरवतो, पोलाद हरवत नाही, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले होते.

राग येण्याजोगे प्रसंग रोज घडत. टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब मर्यादेबाहेर गेला की तो आपोआप उघडतो आणि जादा हवा सोडून देतो. शहराजवळच्या बेटमा गावात एका टायरवाल्याकडे मी सहज डोकावलो, तर व्हॉल्व्हच्या जागी चक्क बोल्ट बसवलेला!

"हे काय आहे?" मी विचारले.

"साहब, वो सीटी बहुत मारता था," तो म्हणाला. "ग्राहक डर जाते थे."

"तुझ्या घरी कुकर शिटी मारतो म्हणून कोणी त्याच्यावर खिळा ठोकतं का?"

"घर का कुकर तो मम्मी देखती हैं, साहब."

मी त्याच्यासमोर उभा राहून तो बोल्ट काढायला लावला आणि घरी येऊन तीन कचेऱ्यांना पत्रे लिहिली. असल्या माणसांनी माझे रक्त आटवले. पण आज मागे वळून पाहताना आठवतो तो त्यांच्यातला कोणी नव्हे. आठवतात ते मेश्रामजी.

प्रल्हाद मेश्राम हे मूळचे महूचे. वडील फौजेत होते, हेही फौजेत गेले आणि लष्करी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. नंतर सांवेर रोडवरच्या एका पंखे बनवणाऱ्या कारखान्यात ते देखभाल खात्याचे प्रमुख झाले. तिथल्या रंगखात्यात एक लहानसा कॉम्प्रेसर होता. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतो, आणि ते पाणी टाकीला आतून खाते. त्यासाठी तळाला एक कॉक असतो. तो रोज उघडून पाणी काढायचे, एवढेच काम. एवढेच काम अख्ख्या सांवेर रोडवर कोणी करत नसे. मेश्रामजी करत, स्वतःच्या हाताने, रोज सकाळी कामगार येण्याआधी. मी तपासणीला पोचलो की फुस्स असा आवाज कानी पडे, तांबूस पाणी पत्र्याच्या डब्यात उतरे, आणि मेश्रामजी ताठ उभे राहून सांगत, "पाणी काढलं, साहेब."

"ठीक आहे, बंद करा कॉक," मी म्हणे.

मग आम्ही चहा पीत असू. थंडीच्या दिवसांत कॉम्प्रेसरच्या खोलीतली ऊब, गरम तेलाचा वास, पट्ट्याचा एकसुरी आवाज आणि त्यांच्या महूच्या गोष्टी. वडिलांनी, म्हणजे त्यांच्या आप्पांनी, फौजेच्या लिलावात एक जुनी जीप घेतली होती आणि तिला निळा रंग स्वतः फवारला होता. दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, ती जीप महूच्या मिरवणुकीत प्रतिमा घेऊन पुढे चालत असे. त्या खोलीत बसून मी ती मिरवणूक इतक्यांदा ऐकली की मीही त्या जीपमधून हिंडलोय असे मला वाटू लागले होते.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. तो कारखाना बंद पडला. मी बड्या गणपतीजवळच्या माझ्या घरी बसून पत्रे लिहू लागलो. मेश्रामजींनी विमानतळाच्या बाजूला घर बांधले आणि खाली मोठे गॅरेज काढले. त्यात ती जीप ठेवली.

यंदा होळीनंतर त्यांचा फोन आला.

"साहेब, गॅरेजसाठी कॉम्प्रेसर बघतोय म्हणालो होतो ना? निवडला. या बघायला. ओळखीचा आहे."

कॉम्प्रेसर निवडण्याची रीत मी त्यांना आधीच सविस्तर कळवली होती, ती इथे थोडक्यात देतो. जाहिराती अश्वशक्ती सांगतात. तिच्यावर भाळू नये. आपले काम काय ते आधी ठरवावे. चाकात हवा भरायची तर चिमुकला कॉम्प्रेसर पुरतो. नट सोडवायला हवेचा झटका लागतो, तिथे टाकी मोठी असली की भागते. पण रंग फवारायचा तर हवा अखंड लागते. मिनिटाला किती घनफूट हवा प्रत्यक्ष बाहेर पडते, हा तिथे खरा प्रश्न. कंपन्या पंप किती हवा ओढतो ते छापतात, किती देतो ते नाही. ही फसवणूक आहे, आणि तसे मी ग्राहक खात्याला कळवले आहे. टाकी म्हणजे माठ, पंप म्हणजे नळ. नळ बारीक असेल तर माठ मोठा घेऊन तहान थोडीशी पुढे ढकलली जाते, भागत नाही. घरी सिंगल फेज वीज असते, त्यामुळे मोटरही बेताची घ्यावी, आणि तिला बारीक वायरचे लांबलचक एक्स्टेन्शन लावू नये. तेलावर चालणारा, पट्ट्याचा पंप घ्यावा. आवाज कमी, आयुष्य जास्त. आणि सगळ्यात आधी टाकी पाहावी. ती सगळ्यात शेवटी पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे.

मी पोचलो तेव्हा मेश्रामजी गॅरेजच्या दारातच उभे होते. मागे निळी जीप, रंगाचे पोपडे उडालेली. तिच्या शेजारी ताज्या रंगाने चमकणारा कॉम्प्रेसर.

"पहचाना?" त्यांनी विचारले.

मी चष्मा पुसला. टाकीच्या पोटावर एके ठिकाणी त्यांनी रंग खरवडला होता. खाली पोलादात माझी आद्याक्षरे, महिना आणि साल.

"आपलाच आहे, साहेब! रंगखात्यातला! जुन्या लोखंडाच्या बाजारात गेलो होतो बेल्टसाठी, आणि हा कोपऱ्यात. मी त्याला टाकीवरच्या पोच्यावरनं ओळखलं. कबाड्याला काही पता नाही. मोटर बदलली, सिंगल फेज टाकली. पंप एकदम फर्स्ट क्लास. दोन-चारदा भरून पाहिला. आता सांगा, याच्याहून चांगला कोणता निवडणार? पाणी मी काढलेलं, ठप्पा तुमचा."

त्यांच्या पत्नी शांतावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे चार दिवसांपासून त्या टाकीला पुसतायत. मला तर कधी इतकं पुसलं नाही."

मी हसलो, पण हात खिशातल्या हातोडीकडे गेला होता. वर ठोकले, घंटा. बाजूला ठोकले, घंटा. तळाशी, पायाच्या वेल्डिंगजवळ ठोकले, आणि तो आवाज आला, सर्दीचा.

"मेश्रामजी, हिच्यात हवा भरू नका."

त्यांचा चेहरा उतरला. "का? तुम्ही पास केलीय."

"मुदतीपुरती. साल वाचा ना. पुढच्या चाचणीची तारीख केव्हाच उलटून गेली."

"तारीख कागदवाल्यांसाठी असते, साहेब. मी हिला ओळखतो. फौजेत ठप्पा असलेली वस्तू आम्ही डोळे मिटून वापरली." ते जीपकडे वळले. "जयंतीला महिना उरलाय. आप्पांनी ही गाडी दर वेळी स्वतः रंगवली. मी शब्द दिलाय की एकदा मीही रंगवीन, वर्कशॉपला देणार नाही. आज हात बराय. पुढच्या वर्षी रंगाची गन धरताना तो थरथरणार नाही याची गॅरंटी तुम्ही लिहून देता का?"

मी म्हणालो, "आधी पाण्याने दाबचाचणी करू."

"आणि फेल झाली तर? नवीन शोधा, बसवा, तेवढ्यात जयंती निघून जाईल. देखा जाएगा. मी आहे ना."

मी चहा न पिता घरी आलो. घराच्या गॅरेजला कारखान्यांचा कायदा लागू होत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. पोलादाला मात्र आपण कारखान्यात आहोत की घरात, हे कळत नाही. मी टेबलाशी बसलो आणि नोटीस लिहिली: 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, सदर टाकीवरील निम्नस्वाक्षरीकाराचा ठप्पा मुदतबाह्य असून त्याच्या आधारे टाकी वापरात आणल्यास होणाऱ्या परिणामांची...' सौभाग्यवतींनी खांद्यावरून वाचले.

"मेश्रामजींना नोटीस? रजिस्टर्ड?"

"रजिस्टर्ड."

"त्यांना काय, तुम्ही फोन करून रडलात तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नोटीस पोचली त्या दिवशी शांतावहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही तर आम्हाला आरोपीच करून टाकलं. पोस्टमन विचारत होता, कोर्टाची भानगड आहे का म्हणून. हे न जेवता बसलेत. पण एक सांगा, सच्ची सांगा. मी रोज त्या टाकीजवळून कपडे वाळत घालायला जाते. जाऊ की नको?"

"नका जाऊ, वहिनी."

"मग या. तुमचा पंप घेऊन या. यांना मी बघते."

माळ्यावरून मी माझा जुना हातपंप काढला. इथे कायदेशीर खुलासा आवश्यक आहे. माझी अधिकृत मान्यता निवृत्तीबरोबर संपली आहे, त्यामुळे आम्ही केले ती कायद्याच्या दृष्टीने चाचणी नव्हती. तो दोन म्हाताऱ्यांचा उद्योग होता. वाचकांनी तो घरी करू नये, मान्यताप्राप्त माणूस बोलवावा.

टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि मग पंपाने दाब चढवायचा, ही रीत. पाणी दबत नाही, म्हणून ते रागही साठवत नाही. टाकी फाटली तरी थोडे पाणी उडते आणि दाब लगेच उतरतो. हवेच्या बाबतीत असे समजूतदार काही नसते.

मेश्रामजी माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पण व्हॉल्व्ह काढून चाचणीपुरता प्लग बसवताना, नळी जोडताना त्यांचे हात आपोआप पूर्वीच्या क्रमाने चालत होते, आणि माझेही. मी पंपाचा दांडा हलवू लागलो. ते गेज वाचत होते. काटा चढला. रंग फवारायला लागतो त्या दाबाजवळ आला.

"बघा," ते पहिल्यांदा बोलले. "काही झालं नाही."

मी आणखी एकदा दांडा दाबला. तळाच्या वेल्डिंगजवळ ताज्या रंगाला घाम फुटल्यासारखा एक थेंब दिसला. मग रंगाचा पापुद्रा सुटला, सुईसारखी एक धार निघाली आणि मेश्रामजींच्या पायजम्यावर आदळली. गेजचा काटा खाली आला. इतकेच झाले. याच दाबापर्यंत त्यांनी ही टाकी हवेने भरली होती, त्याच जागी उभे राहून.

ते ओल्या पायजम्यानिशी तसेच उभे राहिले. दारात शांतावहिनी होत्या.

"मी रोज पाणी काढत होतो, साहेब," ते म्हणाले.

"तुम्ही काढत होता. तुमच्यानंतर कोणी काढलं नाही. कारखाना बंद झाला, आणि टाकी पाणी पोटात घेऊन पडून राहिली."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

चाचणीत नापास झालेल्या टाकीवरचा ठप्पा खोडायचा आणि तिला भोक पाडायचे, म्हणजे कोणी पुन्हा विकू शकणार नाही, हा माझा नियम. नोकरीत मी असे असंख्य ठप्पे खोडले आणि प्रत्येक वेळी मालकावर संतापून खोडले. त्या दिवशी संतापायला कोणी नव्हते. मी छिन्नी लावली. पहिला घाव नीट बसला नाही. मेश्रामजींनी खाली बसून दोन्ही हातांनी टाकी घट्ट धरली. "आता मारा," ते म्हणाले. मी माझ्या आद्याक्षरांवर फुली मारली. मग त्यांनी स्वतः ड्रिल आणले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो. दुकानदार तरुण आणि उत्साही होता.

"अंकल, ये ले जाओ. तीन एचपी! इससे तो हवाई जहाज पेंट कर लो."

"मिनिटाला हवा किती देतो?"

"भोत देता है, भिया."

"टाकीच्या चाचणीचा दाखला?"

"घर के लिए कौन माँगता है, अंकल?"

"हे मागतात," मेश्रामजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "दे दे भाई, नहीं तो तेरे को चिट्ठी आएगी. मेरे को आई है."

नोटिशीनंतरचा त्यांचा हा पहिला विनोद होता. मी तो मुकाट्याने स्वीकारला.

दाखला तिथे नव्हताच. मग आम्ही सांवेर रोड गाठला. तिथे एका टाक्या बनवणाऱ्याकडे दाखल्यासह तयार टाकी मिळाली. तिच्यावर कोणा अनोळखी तपासनिसाचा स्वच्छ, ताजा ठप्पा होता. मी तो अंगठ्याने चाचपून पाहिला. अक्षरे सरळ रेषेत होती. काम चांगले करतो पोरगा, असे मनात आले, आणि उगाच थोडे वाईटही वाटले. कॉम्प्रेसरचा जुना पंप खरोखर उत्तम होता. मेश्रामजींनी तो नव्या टाकीवर चढवला, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह लावला, गनच्या आधी हवेतले पाणी अडवणारा फिल्टर बसवला. तो नसला तर रंगावर फोड उठतात. मग नवी टाकी किती वेळात भरते ते आम्ही घड्याळ लावून पाहिले; पंपाची खरी ताकद ओळखायची ती अशी.

रंगाबाबत एक वाद झाला. मेश्रामजींच्या जावयाने फोनवरून जीप मिलिटरी ग्रीन करण्याची सूचना केली. तो रंग खासगी वाहनाला लावण्यास नियमाने बंदी आहे, हे मी त्याला कळवणार होतो, पण मेश्रामजींनीच फोन घेतला. "जावईबापू, गाडी निळी होती, निळीच राहील. आणि साहेबांना पत्ता देऊ नका, फसाल."

त्यांनी जीप स्वतः रंगवली, तोंडाला मास्क लावून, दार सताड उघडे ठेवून, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे, घाई न करता. मी खुर्ची टाकून अंगणात बसलो होतो. पट्ट्याचा तोच एकसुरी आवाज, गरम तेलाचा तोच वास. बॉनेटच्या कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ राहिला. तो मी दाखवला. "राहू द्या," ते म्हणाले, "आप्पांचाही तिथेच राहायचा."

जयंतीच्या सकाळी महूला जाताना त्यांनी मला पुढे बसवले. जुन्या जीपला सीटबेल्ट नव्हता, याबद्दल मी तोंडी आक्षेप नोंदवला. पत्र लिहिले नाही.

आता जीप पुन्हा गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे. कॉम्प्रेसरला काम उरलेले नाही. तरी रोज सकाळी, माझा चहा व्हायच्या सुमारास, फोन वाजतो.

"पाणी काढलं, साहेब."

ती टाकी कित्येक आठवड्यांत भरलेलीच नाही, तिच्यात पाणी असणे शक्य नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. खोटे निवेदन मी आयुष्यात कधी ग्राह्य धरलेले नाही.

"ठीक आहे," मी म्हणतो, "बंद करा कॉक."